आर-३४ दारात येण्याआधी तिचे कागद वाचा

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यातला एक मित्र मला मुंबईच्या उपनगरातल्या एका गॅरेजात घेऊन गेला. शटर अर्धं वर होतं आणि आत निळी निसान स्कायलाइन जीटी-आर उभी होती, आर-३४. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ही गाडी प्लेस्टेशनवर हजारो किलोमीटर चालवलेली असते, खरी मात्र एकदाही पाहिलेली नसते. मित्राचे डोळे बघून विकणाऱ्याला काय ते कळलं. "पेपर एकदम क्लिअर, साहेब," म्हणत त्याने प्लॅस्टिकची फाइल पुढे केली.

फाइलमध्ये ईशान्येकडच्या एका राज्याची आरसी, विमा, पीयूसी आणि बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे दिलेल्या जाहीरनाम्याची, झेरॉक्स होती. झेरॉक्सवर तारीख होती २००८ची आणि गाडी होती १९९९ची. मी मनात वजाबाकी केली, उत्तर आलं नऊ. तोवर मित्र ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता, त्यामुळे वजाबाकी ऐकायला कुणीच उरलं नाही. त्याने दोन लाख टोकन दिलं. त्यातले अर्धे परत मिळाले, तेही आठ महिन्यांनी आणि माझ्या वकील मेहुण्याने चार फोन केल्यावर.

ती वजाबाकी कशी करायची आणि तिच्यानंतर काय काय तपासायचं, ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. इंजिनचा आवाज सगळ्यात शेवटी ऐका, कारण तो एकदा ऐकला की माणूस कागद वाचत नाही.

पहिली पायरी: वजाबाकी

भारतात वापरलेली गाडी आयात करता येते, पण तिच्या निर्मितीला तीन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. २००१ मध्ये आयातीवरची परवाना पद्धत सैल झाली तेव्हापासून ही अट आहे. शिवाय गाडी उजव्या स्टीअरिंगची हवी, स्पीडोमीटर किलोमीटरमधला हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा आणि पुढची किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्यायोग्य असावी. या मार्गाने येणारी वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते.

उजव्या स्टीअरिंगमुळे जपानी गाडी आपल्याकडे सहज बसते असं लोकांना वाटतं, आणि स्टीअरिंगपुरतं ते खरंही आहे. अडतं ते वयावर. आर-३४ जीटी-आर १९९९ ते २००२ या काळात बनली, म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा या नियमाने २००५ पर्यंतच भारतात येऊ शकत होती. तिची जुनी पिढी आर-३२ तर १९९४ मध्ये बंद झाली. २००१ मध्ये हा दरवाजा उघडला तेव्हाच ती सात वर्षांची होती, त्यामुळे साध्या मार्गाने आलेली आर-३२ जीटी-आर असूच शकत नाही. टोयोटाची ए-८० सुप्रा आणि माझदाची एफडी आरएक्स-७ या दोन्ही २००२ पर्यंत बनल्या, त्यांनाही आर-३४चंच गणित लागतं. मित्सुबिशीच्या वेगवान लान्सर इव्होच्या नंतरच्या पिढ्या मात्र २००१ नंतर बनलेल्या आहेत. वेळेत आलेली, सगळं शुल्क भरलेली इव्हो नाइन सापडणं अशक्य नाही.

वजाबाकी तीनच्या वर गेली म्हणजे गाडी चोरट्या मार्गानेच आली असं लगेच ठरवू नका. परदेशात राहून कायमचे परतलेले लोक, राजनैतिक अधिकारी, विदेश व्यापार महासंचालनालयाची खास परवानगी मिळालेले लोक, असे काही वेगळे दरवाजे होते आणि आहेत. पण त्या प्रत्येक दरवाज्याचा स्वतःचा कागद असतो. विकणारा "एनआरआयची गाडी आहे" म्हणाला तर त्या एनआरआयच्या सवलतीचा कागद मागा. अशा सवलतीवर ठरावीक मुदतीत गाडी न विकण्याची अट असू शकते, तीही वाचा. मुदत संपायच्या आत मुखत्यारपत्रावर हात बदललेली गाडी सरळ सोडून द्या.

एक बारीक गोष्ट. जपानमध्ये 'शिनकोशा' नावाचा प्रकार आहे. विक्रीचा आकडा गाठायला डीलर स्वतःच्याच नावावर गाडी नोंदवतो, ती कुणी चालवत नाही, आणि नंतर थोड्या कमी किमतीत विकतो. मीटरवर आठ-दहा किलोमीटर असतात. आपल्या नियमाप्रमाणे परदेशात एकदा नोंदणी झालेली गाडी नवी राहत नाही. अशी गाडी 'नवी' म्हणून आयात केलेली दिसली तर तो चुकीचा जाहीरनामा आहे.

दुसरी पायरी: निर्मितीचं वर्ष शोधा

वजाबाकीला निर्मितीचं वर्ष लागतं आणि नेमकं तेच आरसीवर 'चुकून' पुढे सरकलेलं असतं. म्हणून जपानी निर्यात-नोंदरद्द प्रमाणपत्र मागा. जपानमधून गाडी कायमची बाहेर जाताना तिथली नोंदणी रद्द होते आणि हे प्रमाणपत्र मिळतं. त्यावर तिथल्या पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्ष असतं. वर्ष बहुधा जपानी सम्राटांच्या कालगणनेत लिहिलेलं असतं. १९८९ म्हणजे हेइसेई १, त्यामुळे हेइसेई ११ म्हणजे १९९९ आणि हेइसेई १४ म्हणजे २००२. २०१९ पासून रेइवा सुरू झालं. साधी गोष्ट आहे, पण 'एच ११' चा अर्थ २०११ असा सांगणारा एक एजंट मी स्वतः ऐकला आहे. पहिली नोंदणी निर्मितीनंतर काही महिन्यांनी झालेली असू शकते, आणि आपला नियम निर्मितीपासून मोजतो, हेही लक्षात असू द्या.

मग चासी नंबर. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा ओळख-क्रमांक, नसतो. मॉडेलचा कोड, मध्ये रेघ आणि पुढे अनुक्रमांक, एवढंच असतं. आर-३४ जीटी-आर बीएनआर३४ ने सुरू होते, आर-३३ बीसीएनआर३३ ने, सुप्रा जेझेडए८० ने, आरएक्स-७ एफडी३एस ने. तेव्हा गाडी 'जपानहून थेट आली' आणि आरसीवर मात्र १७ अक्षरी नंबर, असं दिसलं तर थांबा. इतर देशांसाठी बनलेल्या मोजक्या गाड्यांना तसा नंबर असतो, पण मग ती जपानहून आल्याची कथा खोटी ठरते. ईआर३४ ने सुरू होणारी गाडी ही साधी स्कायलाइन. तिला जीटी-आरचं बंपर आणि बॅज लावून जीटी-आरच्या किमतीत विकण्याचा धंदा जगभर चालतो.

नंबर कागदावर वाचून भागत नाही. बॉनेट उघडा, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या, पत्र्यावर ठोकलेला नंबर बोटाने चाचपून पाहा, इंजिनखोलीतल्या प्लेटशी जुळवा, फोटो काढा. आजूबाजूला वेल्डिंगची ओळ किंवा नवा रंग दिसला तर ओळखीच्या डेंटिंगवाल्याला सोबत न्या. त्याच्या नजरेला जे दिसतं ते ना तुम्हाला दिसणार ना मला.

तिसरी पायरी: बिल ऑफ एंट्री

आयात गाडीचा जन्मदाखला म्हणजे हा कागद. आरसी नंतरची. झेरॉक्स, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो, 'मूळ प्रत बँकेत आहे', यातलं काहीही मान्य करू नका. मूळ प्रत हातात घ्या आणि पुढचं जुळवा: नंबर आणि तारीख, बंदर, आयातदाराचं नाव, चासी आणि इंजिन नंबर, निर्मितीचं वर्ष, ठरवलेली किंमत, भरलेलं शुल्क. बंदराचा कोडही वाचा. मुंबई बंदराचा आयएनबीओएम१, न्हावा शेवाचा आयएनएनएसए१. बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर हाताशी असलं की कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर त्याची स्थिती पाहता येते. फार जुन्या नोंदींसाठी ओळखीच्या कस्टम ब्रोकरला पैसे द्या आणि बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमध्ये चौकशी करायला सांगा. त्याची फी त्या गाडीच्या एका टायरपेक्षाही कमी असते.

बिलासोबत शुल्क भरल्याचं चलन हवं. वापरलेल्या गाडीला बंदरातून सुटण्याआधी चाचणी द्यावी लागते, पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत. ते प्रमाणपत्रही फाइलमध्ये असायला हवं. खोटी फाइल बनवणारे बिल ऑफ एंट्री हौसेने बनवतात, पण या चाचणीचा कागद बनवायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

आता शुल्काचा आकडा पाहू, कारण लबाडीचं मूळ तिथेच आहे. वापरलेल्या गाडीवर आधी मूळ दर १२५ टक्के होता आणि त्यावर अधिभार. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आला आणि सोबत ६७.५ टक्के वेगळा उपकर लागला. बेरीज आधीइतकीच, १३७.५. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. म्हणजे बंदरात ५० लाखांना पडलेली गाडी कस्टम्समधून बाहेर येताना सुमारे १ कोटी ६६ लाखांची झालेली असते. त्यात महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के वाहन कर, कमाल ३० लाख. हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवलात तर 'सगळं शुल्क भरलेली' गाडी ६० लाखांत कशी काय मिळते हा प्रश्न आपोआप पडेल.

बिलावरची किंमत हास्यास्पद कमी असेल तर तो अंडरव्हॅल्युएशनचा मामला. लपवाछपवी असेल तर कस्टम्स पाच वर्षं मागे जाऊन शुल्क मागू शकते. इथे खरेदीदाराला थोडा दिलासा आहे. २०२४ मध्ये एका पोर्शेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नंतर गाडी विकत घेणारा माणूस आयातदार ठरत नाही, म्हणून कमी भरलेलं शुल्क त्याच्याकडून मागता येणार नाही. पण हा निकाल वाचून निर्धास्त होऊ नका. शुल्काची मागणी माणसावर होते, जप्ती गाडीवर होते. नियम मोडून आलेला माल जप्त करण्याचा अधिकार सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ मध्ये आहे, मग तो आज कुणाच्याही दारात उभा असो. त्या पोर्शेच्या मालकाला न्याय मिळाला, पण गाडी घेतल्यावर जवळपास वीस वर्षांनी. मधल्या काळात बाँड आणि बँक गॅरंटी देऊन गाडी तात्पुरती सोडवता येते, दंड भरून सोडवण्याची तरतूदही आहे. वकिलाची फी त्यात धरलेली नाही.

चौथी पायरी: आरसी कुठली, तिथली का

मुंबईत राहणाऱ्या माणसाची मुंबई बंदरात उतरलेली गाडी मणिपूरला जाऊन का नोंदवली गेली? हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर द्यायला त्याला पुरेसा वेळ द्या.

डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, जुलै २०२१ मध्ये 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो' नावाने जी साखळी उघडी केली तिचा आराखडा असाच होता. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमाफीत गाड्या आणायच्या, त्या मुंबईत न्यायच्या आणि नोंदणी दूर मणिपूरमध्ये करायची. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' केलं. भूतानच्या भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. भूतानमधून आलेल्या गाड्या लष्कराच्या आणि दूतावासांच्या खोट्या कागदांवर हिमाचलसारख्या राज्यात नोंदवून केरळात विकल्याचा तो आरोप आहे, आणि छापे मल्याळी चित्रपटातल्या नामांकित नटांच्या घरांवरही पडले. त्यात स्कायलाइनपेक्षा लँडक्रूझर आणि लँड रोव्हर जास्त होत्या, पण पद्धत तीच. विकत घेणाऱ्यांकडे आरसी होतीच.

म्हणून 'वाहन पोर्टलवर (गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर) दिसते ना, मग झालं' हे वाक्य मनातून काढून टाका. पोर्टल फक्त एवढंच सांगतं की कुणीतरी नोंद केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे खोट्या कागदांवर मिळवलेली किंवा चासी-इंजिन नंबर न जुळणारी नोंदणी रद्द करता येते. तरीही पोर्टल जरूर पाहा. मालक कितवा, नोंदणीची तारीख, इंधन, कर्जाचा बोजा, काळ्या यादीत आहे का. नोंदणीची तारीख बिल ऑफ एंट्रीनंतर लगेचची हवी. मधली तीन-चार वर्षं रिकामी असतील तर तेवढा काळ गाडी कुठे उभी होती?

पाचवी पायरी: कागदावर लान्सर, रस्त्यावर इव्हो

हा खास आपल्याकडचा प्रकार. मित्सुबिशीची लान्सर १९९८ पासून भारतात बनायची, त्यामुळे जुन्या लान्सरची आरसी स्वस्तात मिळते. त्या आरसीवर सुट्या भागांत आलेली इव्हो उभी केली जाते. पकडायला सोपं आहे. आपल्या १.५ लिटर पेट्रोल लान्सरचं इंजिन १४६८ सीसीचं, इव्होचं १९९७. आरसीवरचा आकडा वाचला की झालं. बॉडी बदलली असेल तर आरसीवरची गाडी आणि समोरची गाडी या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि समोरच्या वस्तूला कुठलाच कागद नाही.

'हाफ-कट'मधून, म्हणजे अर्धी कापून सुट्या भागांसाठी आणलेल्या गाडीतून, काढलेलं टू-जेझेड किंवा फोर-जी-६३ इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं हे त्याचंच धाकटं भावंड. कारागिरी अनेकदा अप्रतिम असते, मला स्वतःला ती बघायला आवडते. पण कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ स्वरूपात असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी पक्कं केलं. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पाच हजारांचं कुणाला काही वाटत नाही. खरी भीती अपघाताची. कागदावर ७०-८० हॉर्सपॉवरची गाडी आणि प्रत्यक्षात तिच्या चौपट, हे उघड झालं की विमा कंपनी हात वर करू शकते आणि जखमी माणसाची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते.

दुबईच्या किंवा इंग्लंडच्या प्लेटवर फिरणारी गाडी कुणी विकायला काढली तर पुढे वाचायचीही गरज नाही. ती कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आलेली असते, ठरावीक महिन्यांपुरती पाहुणी, आणि परत जाणं तिला बंधनकारक असतं. पाहुणा विकत घेता येत नाही.

सहावी पायरी: नावावर करणं आणि पैसे

इथवर गाडी टिकली तर पुढचं काम नेहमीचंच आहे. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. इथला कर भरून एमएच नंबर घ्या. बारा महिन्यांहून जास्त काळ परराज्याच्या नंबरवर गाडी ठेवणं नियमबाह्य आहे, आणि असल्या गाड्या लपून राहत नाहीत. पंधरा वर्षं उलटलेल्या आयात गाडीचं नोंदणी-नूतनीकरण ४०,००० रुपयांना पडतं, वीस उलटल्यावर ८०,००० ला.

टोकन देण्याआधी करार करा. त्यात चासी नंबर, बिल ऑफ एंट्रीचा नंबर, आणि 'आयातीबाबत कोणतीही कारवाई झाल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य घाला. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, पण रोखीचा खरा तोटा तुमचाच, कारण गाडी जप्त झाली तर तुम्ही किती दिले याचा पुरावा उरत नाही. आणि गाडी ड्रायव्हरच्या किंवा गावाकडच्या चुलत्याच्या नावावर ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर तो सल्ला का दिला गेला याचा विचार करा. अपघात झाला की कायदा नोंदणीकृत मालकाला धरतो.

सरळ रस्ते

ते आहेत, थोडे महाग आहेत इतकंच. निसानने आर-३५ जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आणली, तेव्हा १ कोटी ९९ लाखांना. ३७०झेड त्याआधी २०१० मध्ये आली होती, मित्सुबिशीने इव्हो टेनही विकली. या गाड्या कंपनीच्या बिलासकट दुसऱ्या-तिसऱ्या हातात अधूनमधून निघतात. माझं मत विचाराल तर शंकेच्या आर-३४ पेक्षा कागदांची ३७०झेड केव्हाही बरी, कारण ती दिवसाउजेडी लोणावळ्याला नेता येते.

दुसरा रस्ता विंटेजचा. वयाच्या अटीतून सवलत पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्यांना होती, २०२५ मध्ये ती ५० वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत आली. त्यात डॅट्सन २४०झेड बसते, पहिली 'हाकोसुका' जीटी-आर बसते. शुल्क चुकत नाही. नोंदणीसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका आहे, तिची फी २०,००० रुपये. आर-३४ ला या रांगेत यायला २०४९ उजाडेल.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांचं गणित उलटं आहे. अमेरिकेत वय जितकं जास्त तितकं बरं. २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा-मानकांतून सुटते, प्रदूषणाच्या केंद्रीय नियमांसाठी २१ वर्षं पुरतात. पहिल्या आर-३४ जानेवारी २०२४ मध्ये पात्र झाल्या, शेवटच्या २००२ च्या गाड्यांना २०२७ पर्यंत थांबावं लागेल. गाडी वर्षाने नाही, निर्मितीच्या महिन्याने मोजली जाते. मुदतीआधी आलेली गाडी एखाद्या राज्यात नोंदवली गेली म्हणून ती कायदेशीर होत नाही, केंद्र सरकार ती उचलून नेऊ शकतं. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथे २५ वर्षं झाली तरी प्रयोगशाळेच्या चाचणीचा खर्च धरूनच किंमत ठरवा.

गेल्या महिन्यात ती निळी आर-३४ एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा दिसली. नंबरप्लेट आता दुसऱ्याच राज्याची होती. खाली फाइलचे फोटो होते, त्यात तीच बिल ऑफ एंट्रीची झेरॉक्स. फक्त या वेळी फोटो काढणाऱ्याचा अंगठा बरोबर तारखेवर आला होता.